निवृत्तीनंतर करायचे काय?

सेवानिवृत्तीचा समारंभ म्हटला की शाल, श्रीफळ, चार भाषणे आणि भिंतीवर लावायचे एक घड्याळ हे ठरलेलेच असते. (ज्या माणसाला उद्यापासून वेळ पाहण्याची गरजच उरणार नाही त्याला नेमके घड्याळच का देतात, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.) 'पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो' असे सगळेजण म्हणतात, सत्कारमूर्तींचे डोळे पाणावतात, फोटो निघतो. पहिला महिना बरा जातो. राहिलेली कामे होतात, तुळजापूर-अक्कलकोट होते, मुलीकडे आठ दिवस राहून येणे होते. आणि साधारण सहा महिन्यांनी हेच सत्कारमूर्ती दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात.

तक्रारी बहुधा त्याच असतात. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. भूक नाही, पोटात गॅस धरतो, छातीत धडधडते, नावे आठवत नाहीत, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. मग रक्त, लघवी, साखर, थायरॉईड, ईसीजी असे सगळे सोपस्कार होतात. रिपोर्टांची फाईल समोर ठेवून ते विचारतात, "डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग मला बरं का वाटत नाही?" या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते थोडे दुसरीकडे शोधावे लागते, म्हणून आजचा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. अठ्ठावन्न किंवा साठ हा आकडा वैद्यकशास्त्राने ठरवलेला नाही. त्या वयाला हृदय, मेंदू किंवा स्नायू काम थांबवतात असा कोणताही नियम शरीरात नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८९ साली कामगारांच्या म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० वर्षांची होती, ती १९१६ मध्ये ६५ वर आली. आपल्याकडे राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ६०. हे आकडे तिजोरी, बढत्या आणि नव्या भरतीचा हिशेब करून आले आहेत. शरीराचा हिशेब वेगळा आहे. आज भारतात साठी गाठलेल्या माणसाला सरासरी आणखी अठरा वर्षांच्या आसपास आयुष्य मिळते. बालवाडीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या शिक्षणाला जेवढी वर्षे लागली तेवढीच ही वर्षे. शिक्षणाच्या त्या वर्षांचा आराखडा आपल्या आईवडिलांनी आखला होता. या अठरा वर्षांचा कोणीच आखत नाही.

हा प्रश्न सगळीकडचाच आहे, पण आपल्या मीरा-भाईंदरमध्ये त्याला एक खास पीळ आहे. १९९१ साली आपली लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजार झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर गेली. ही माणसे आली कुठून? देशाच्या कानाकोपऱ्यातून आली हे खरेच, पण मराठी वस्तीपुरते बोलायचे तर मोठा भाग गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळींतून आला. कुटुंब वाढले, खोली पुरेना, मुंबईत जागा परवडेना. फंडातून कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून मीरा रोडला किंवा भाईंदरला एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असलेली ती पिढी आज सत्तरीच्या आगेमागे आहे, आणि त्यांच्या पाठोपाठची निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

या माणसांनी नोकरीच्या काळात आपले गाव पाहिलेच नाही. हे मी रागाने म्हणत नाही, साधा हिशेब मांडतो. भाईंदर ते चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत आणि परत असे रोजचे तीन तास धरा, आणि ते कमीच धरले आहेत. वर्षाचे २९० दिवस आणि नोकरीची ३० वर्षे. एकूण २६ हजार तास होतात. दिवसरात्र गाडीतच बसून राहिले तर जवळजवळ तीन वर्षे! सकाळी अंधारात घर सोडायचे, रात्री अंधारात परतायचे, रविवारी झोप, बाजारहाट आणि लग्नकार्य. मीरा-भाईंदर ही त्यांची झोपण्याची जागा होती. ओळखीची माणसे कचेरीत होती आणि गाडीच्या डब्यात होती. डब्यातला ग्रुप ही तर सख्ख्या नात्याहून घट्ट गोष्ट. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, कोणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले तर पेढे, चतुर्थीला भजन, दसऱ्याला डब्याला हार. मग एका महिन्याच्या ३१ तारखेला नोकरी संपते आणि पास संपतो. साहेबाची कटकट गेली याचा आनंद होतो, पण त्याच दिवशी पंचवीस वर्षांचे आठ-दहा मित्रही एकदम जातात. ज्या गावात ते 'कायमचे' राहायला येतात तिथे त्यांना समोरच्या दारावरची पाटी सोडून कोणाचे नाव माहीत नसते.

माझ्या माहितीतले एक गृहस्थ निवृत्तीनंतर चार महिने पास काढत राहिले. नेहमीच्या गाडीने जायचे, ग्रुपबरोबर गप्पा मारायचे, चर्चगेटला उतरून चहा प्यायचे आणि उलट्या गाडीने घरी यायचे. पत्नीला कळले तेव्हा त्या माउलीने शांतपणे सांगितले, "जाताच आहात तर येताना दादरला उतरून भाजी तरी आणत जा." हसू येते खरे, पण वैद्यकीयदृष्ट्या पाहता त्या गृहस्थांची प्रकृती त्या चार महिन्यांत उत्तम होती. बिघडली ती पाचव्या महिन्यापासून, घरी बसल्यावर.

आता याच शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. उत्तनच्या कोळीवाड्यात 'रिटायर' हा शब्द कोणी वापरत नाही. समुद्रावर जाणे वयाने थांबते, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जाळी नीट करायला म्हातारा हात लागतोच. बोंबील वाळत घालायला, निवडायला आजीबाई बसतातच. मुर्धे, राई, मोर्वे या जुन्या गावांतही आजोबा पहाटे उठून कुठल्यातरी कामाला लागलेले दिसतात. मला या जीवनाचे गोडवे गायचे नाहीत. तिथे गुडघे झिजलेले आहेत, मोतीबिंदू पिकलेले आहेत, आणि पेन्शन नाही. पण 'आता मी कोणाला हवा आहे का?' हा प्रश्न घेऊन तिथला म्हातारा माझ्याकडे क्वचितच आला. गुडघ्याचा प्रश्न घेऊन येतो. गुडघ्याचा प्रश्न त्या मानाने सोपा.

बायकांच्या निवृत्तीबद्दल तर कोणी बोलतच नाही. नोकरी करणाऱ्या बाईची एक पाळी संपते, घरातली दुसरी पाळी चालूच राहते. उलट नवरा दिवसभर घरी म्हणून चहाच्या फेऱ्या वाढतात. जपानमधले डॉक्टर नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ साली नवऱ्याच्या निवृत्तीनंतर बायकांना होणाऱ्या डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश अशा त्रासांना एक नावच देऊन टाकले : 'निवृत्त नवऱ्याचा विकार'! आमच्याकडेही साठीच्या बाईचे रक्तदाब एकाएकी वाढले की मी आता विचारतो, "काका रिटायर झाले का?" निम्म्या वेळा उत्तर हो असे येते. कचेरीत पंचवीस माणसांवर हुकूमत गाजवलेला माणूस घरी बसला की डब्यांवर लेबले लावतो, गॅस मोठा का ठेवला म्हणून विचारतो, मोलकरणीची हजेरी घेतो. त्याच्या बाजूने तो मदत करत असतो. पण तीस वर्षे जे घर तिने एकटीने चालवले तिथे तिला आता साहेब मिळालेला असतो.

आणि जिने कधी नोकरी केली नाही, तिची निवृत्ती तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सून घरात रुळते आणि एके दिवशी प्रेमाने म्हणते, "आई, तुम्ही बसा आता, मी करते." हेतू चांगलाच असतो. पण चाळीस वर्षे जे स्वयंपाकघर तिचे होते, तिथे आता मीठ कुठल्या बरणीत आहे हे तिला विचारावे लागते. ना शाल, ना श्रीफळ, ना भाषण. अशा एका आजींना त्यांचा मुलगा 'विसरायला लागल्यात' म्हणून घेऊन आला होता. तपासणीत विसरण्याचा रोग काही निघाला नाही. त्यांना मी एवढेच विचारले की घरात आता तुमच्या हातचे असे काय आहे? बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "काही नाही." सुनेला बाजूला घेऊन सांगितले की रोजची आमटी आणि वर्षाची लोणची-मसाले हे खाते आजींकडे परत द्या, मीठ कमी-जास्त झाले तरी बोलू नका. दोन महिन्यांनी आजी स्वतः चालत आल्या, पायाला ठेच लागली होती म्हणून. विसरण्याचा विषय कोणी काढला नाही.

हे सगळे भावनेचे झाले, याला शास्त्राचा काही आधार आहे का, असे वाचक विचारतील. आहे. जपानी भाषेत 'इकिगाई' असा एक शब्द आहे. सकाळी उठावेसे वाटण्याचे कारण, जगण्यात गोडी वाटणे, असा त्याचा साधारण अर्थ. जपानच्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना 'तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?' असा साधा प्रश्न विचारून पुढे सात वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 'हो' म्हणणाऱ्यांच्या दीडपट निघाला. अमेरिकेत शिकागोच्या रश वैद्यकीय केंद्राने नऊशेहून अधिक वृद्धांचा काही वर्षे अभ्यास केला. आयुष्याला काही हेतू आहे असे ज्यांना ठामपणे वाटत होते ते अल्झायमरच्या विस्मृतीपासून मुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सुमारे २.४ पट होती, असे २०१० मध्ये जाहीर झाले.

डॉक्टर म्हणून इथे एक सावधगिरीचा शब्द घालणे भाग आहे. हेतू असला म्हणून माणूस निरोगी राहतो की निरोगी असतो म्हणून त्याला हेतू सुचतो, हे अशा पाहण्यांतून पूर्णपणे सुटे करता येत नाही. संशोधकांनी आधीचे आजार, धूम्रपान वगैरे हिशेबात धरले होते, तरीही शंकेला थोडी जागा उरते. म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून समाजकार्याला लागा, असा या लेखाचा अर्थ कृपया कोणी काढू नये. पण ज्याला बाहेर जायचे असते तो चालतो, चालतो त्याला भूक लागते, झोप येते, चार माणसांशी बोलणे होते, आणि औषध वेळेवर घेण्याचे त्याला कारण असते. यात मला काही गूढ वाटत नाही.

उदाहरणच हवे असेल तर दूर जायला नको. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. गणिताचे प्राध्यापक, पेन्शनीत निघालेला माणूस. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांचे वय होते ५८, म्हणजे आपला सरकारी कर्मचारी ज्या वयात नारळ घेऊन घरी येतो नेमके ते. एकाहत्तराव्या वर्षी ते विद्यापीठासाठी परदेश दौऱ्यावर गेले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले. पुढे १०४ वर्षे जगले ते त्यामुळेच, असे मी म्हणणार नाही. दुसरे नाव तर आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवरचे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि आदिवासी मुलांसाठी कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले तेव्हा पासष्टीच्या आसपास. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत ना, मग शाळाच कुरणात नेली पाहिजे, असा विचार तिथे झाला. कुरणशाळा हा शब्द तिथलाच. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले ते कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

ही नावे घेतली की समोरचा माणूस हात जोडतो. "डॉक्टर, ती थोर माणसं. मी आपला कॉटनग्रीनच्या गोदामातला हेडक्लार्क." बरोबर आहे. विद्यापीठ काढा असे मी कोणाला सांगत नाही. पण त्याच्या उलट टोकाचा जो सल्ला सर्रास दिला जातो, 'एखादा छंद जोपासा', त्याच्यावरही माझा फारसा विश्वास नाही. छंद चांगलाच. मात्र साठ वर्षे ज्याने कधी कुंचला धरला नाही त्याला रंगपेटी आणून दिली की ती तिसऱ्या आठवड्यात माळ्यावर जाते. हास्यक्लबचेही तसेच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागात पाच माणसांना घेऊन पहिला क्लब सुरू केला, तिथून हे लोण जगभर गेले. मी अनेकांना तिथे पाठवतो. जे टिकतात त्यांना विचारले तर ते हसण्याबद्दल कमी आणि 'आज जोशी का आले नाहीत' याबद्दल जास्त बोलतात. माझ्या मते सगळे इंगित तिथेच आहे. आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. कोणाचे तरी काही अडायला हवे, थोडेसेच का होईना.

वर सांगितलेले चार महिने पास काढणारे गृहस्थ बँकेत होते. त्यांच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी सातवीत, अपूर्णांकांना अडलेली. एकदा सहज त्यांनी दाखवले. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. आता संध्याकाळी पाच ते सहा जिन्याखालच्या जागेत सात-आठ मुले बसतात. फी नाही, बोर्ड नाही, 'क्लास' हे नावही नाही. त्यांना गावी जायचे असेल तर मुलांना आधी सांगावे लागते. झोपेची गोळी मी बंद केली ती त्यांनी मागितली नाही म्हणून. असे करण्यासारखे आपल्या शहरात किती आहे! बँकेत पैसे काढण्याची स्लिप भरता येत नाही म्हणून बायका रांगेतल्या कोणाच्याही हातात पासबुक देतात. सरकारी रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे द्यायचे हे न कळल्याने खेडेगावातून आलेली माणसे तासन्‌तास फिरतात. ज्याने तीस वर्षे फायली हलवल्या त्याच्याइतका योग्य माणूस या कामाला दुसरा कोण?

एका कामाबद्दल मात्र जरा बिचकूनच लिहितो : सोसायटीचे सेक्रेटरीपद. उत्साही निवृत्त माणसाच्या गळ्यात ते हमखास पडते. काही जण ते उत्तम करतात. पण पाण्याची टाकी, पार्किंग आणि थकबाकी या तीन विषयांनी जेवढे रक्तदाब वाढलेले मी पाहिले आहेत तेवढे मिठाने वाढलेले पाहिले नाहीत. कचेरीतली खुर्ची गेली म्हणून सोसायटीतली खुर्ची धरायची असेल तर ती न धरलेली बरी.

नातवंडांबद्दलही एक स्पष्ट बोलावेसे वाटते. नातवंडे सांभाळणे हा म्हातारपणाचा मोठा आनंद आहे, आणि मुलगा-सून दोघेही गाडीला लटकून नोकरी करतात तिथे ती गरजही आहे. परंतु सकाळी सात ते रात्री आठ, आठवड्याचे सहा दिवस, न विचारता गृहीत धरलेले असेल तर त्याला आनंद म्हणत नाहीत, बिनपगारी पाळणाघर म्हणतात. कंबर धरलेल्या कितीतरी आज्या माझ्याकडे येतात ज्या 'नाही' म्हणू शकत नाहीत. त्यांना आठवड्यातली एक दुपार स्वतःची मिळाली पाहिजे, आणि ती मागण्यात काही गैर नाही.

आता शरीराकडे येऊ, कारण कित्येकदा अडचण मनाची नसतेच. आपल्याकडच्या जुन्या इमारती तळमजला अधिक चार मजल्यांच्या, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसाचा गुडघा गेला की त्याचे सगळे जग गेले. ऐकू कमी येते म्हणून माणूस चार लोकांत जाणे टाळतो, पण कानाचे यंत्र लावायला लाजतो. चष्म्याची ज्याला लाज वाटत नाही त्याला यंत्राची का वाटावी? 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली विस्मृतीच्या आजाराला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली, त्यात कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा ही तिन्ही आहेत. आपल्या भागात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ, त्यांच्यात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी सापडते. थकवा, उदासपणा, विसराळूपणा, पायाला मुंग्या यांचे मूळ तिथे असू शकते आणि इलाज सोपा आहे. थायरॉईडचेही तसेच. आणि एक विषय ज्याबद्दल पुरुष बोलत नाहीत : प्रोस्टेटमुळे तासातासाला लघवीला लागणे. स्वच्छतागृह सापडेल याची खात्री नाही म्हणून कित्येक आजोबा फिरायलाच जात नाहीत, नाहीतर पाणी पिणे सोडतात आणि मग उन्हाळ्यात चक्कर येऊन पडतात. बायकांची अडचण याहून मोठी. आपल्या महानगरपालिकेने ज्येष्ठांसाठी सत्कार एखादा कमी केला तरी चालेल, पण बागेत, बाजारात आणि स्टेशनबाहेर स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि दर शंभर पावलांवर टेकायला बाक द्यावा. फुटपाथवर चालायला जागा मिळाली तर आणखीच उपकार.

पैशांचे थोडक्यात. निवृत्तीनंतर हेतू शोधणे हे पोट भरलेल्यांचे बोलणे आहे, हे मला माहीत आहे. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला कामगार पेन्शन योजनेत दरमहा किती मिळते? २०१४ साली किमान रक्कम ठरली ती एक हजार रुपये. त्याला काम लागते ते पैशासाठी, आणि सत्तरीतही तो वॉचमनची रात्रपाळी करतो. त्याला छंद आणि हास्यक्लब सांगणे ही थट्टा आहे. त्याला आधी आराम, उपचार आणि दोन वेळचे अन्न हवे. ७० वर्षांपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार देणारे आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले आहे. ते अशांनी जरूर काढून घ्यावे, आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी ते काढायला त्यांना मदत करावी. हेही एक कामच आहे.

एक धोक्याची सूचना. कंटाळा वेगळा आणि नैराश्याचा आजार वेगळा. देशभरात झालेल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीत (२०१७-१८) साठीपुढच्या साधारण दर बारा जणांमागे एकात नैराश्याची लक्षणे आढळली, आणि त्यातल्या फार थोड्यांचे निदान झालेले होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नाही, जेवण तुटले, वजन उतरले, 'मी गेलो तर सगळे सुटतील' अशी वाक्ये तोंडी येऊ लागली, तर ते 'म्हातारपणाचे' म्हणून सोडून देऊ नये. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, पुरुषांवर विशेष. या आजाराला चांगली औषधे आहेत आणि ती म्हातारपणीही लागू पडतात. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते.

ज्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आहे त्यांना माझे सांगणे असे की, रविवारची एक सकाळ आतापासून आपल्याच गावासाठी काढा. जेसल पार्कच्या खाडीकाठी जा, उत्तनला जा, चौकच्या धारावी किल्ल्यावर जा. वाचनालय कुठे आहे, पालिकेची शाळा कुठली जवळ आहे, समोरच्या बिल्डिंगमध्ये आपल्या वयाचे कोण आहे, हे पाहून ठेवा. गावाशी ओळख आधी झाली की ३१ तारखेनंतरची १ तारीख तेवढी परकी वाटत नाही. आणि पंचाहत्तरी ओलांडलेले जे म्हणतात की आता आमचे काय राहिले, त्यांना महामहोपाध्याय पां. वा. काणे यांची आठवण करून देतो. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केला आणि शेवटचा १९६२ साली, तेव्हा त्यांचे वय ८२ होते.

ज्यांना मुलांना शिकवावेसे वाटते त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. मुख्याध्यापकांना भेटायचे ते मार्च-एप्रिलमध्येच भेटून घ्यावे, सोबत आपला विषय आणि आठवड्यातले जमणारे दिवस एका कागदावर लिहून न्यावेत. जूनमध्ये त्यांना प्रवेश आणि पुस्तकांच्या गडबडीत मान वर करायला फुरसत नसते.